हौसाबाईंचे पॉइंट

"हौसाबाई ना?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"कोण हौसाबाई?"

"तुम्ही आत्ता जो नंबर सांगितलात, त्यावर हौसाबाई असं नाव येतंय." स्क्रीनवरची नजर न हलवता ती पुढे म्हणाली, "पॉइंट पण भरपूर साठलेत. वापरू का? बिल बरंच कमी होईल."

मी आत्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला आले होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. कराडच्या स्टँडसमोर हिरव्या पाटीचं हे मोठं मेडिकल नुकतंच उघडलं होतं. राज्यभर यांची दुकानं आहेत असं लोक सांगत. मी तिथं पहिल्यांदाच पाय ठेवला होता, आणि मोबाईल नंबर विचारल्यावर आत्यांचा सांगून मोकळी झाले होते. माझ्या फोनवर असल्या दुकानांच्या मेसेजचा आधीच उकिरडा झाला होता.

"अहो, आम्ही इथून कधी काही घेतलंच नाही, तर पॉइंट कुठून साठतील?"

"इथले नाहीयेत. दुसऱ्या शाखेतले आहेत."

"कुठल्या?"

मुलगी घुटमळली. "ते इथं दिसत नाही मॅडम. हेड ऑफिसला विचारा."

"माझ्या घरच्या नंबरवर कोण काय घेतंय ते मलाच कळायचं नाही, असा कुठला नियम?"

"पण तुम्ही हौसाबाई नाही ना," ती म्हणाली. तेही खरंच होतं. मी पॉइंटांना हात न लावता रोख बिल भरलं आणि धुमसत घरी आले.

आत्या ओट्याशेजारी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मी पिशवी टेकवत विचारलं, "आत्या, हौसाबाई कोण हो?"

त्यांचा हात थांबला. पाकळी बोटांत तशीच राहिली.

"कोण हौसाबाई?"

मी दुकानातली सगळी हकिगत सांगितली. त्या परत सोलायला लागल्या, पण आता सालाबरोबर लसूणही जात होता.

"आकडा चुकून पडला असंल कुणाचा तरी."

"चुकून एकदा पडेल. पॉइंट भरपूर साठलेत म्हणाली ती."

"मग वापरायचे हुते की. फुकट मिळत्यात तर कशाला इचार करतीस?"

"आजकाल नंबरावरून लोक काय काय करतात, तुम्हाला कल्पना नाही. मी छडा लावणार याचा."

"उगं नसत्या उचापती करू नगंस, उज्ज्वला," त्या म्हणाल्या आणि अर्धवट लसूण तिथंच टाकून देवघरात गेल्या. हातातलं काम अर्धं टाकून उठणाऱ्यातल्या त्या नव्हेत. मला वाटलं, फसवणुकीचं नाव काढल्यावर घाबरल्या असतील.

फोन आत्यांचा असला तरी सिमकार्ड माझ्या आधारवर होतं. माझ्या नवऱ्यानं, दिगंबरनंच ते काढून आणलं होतं. त्याच दिगंबरनं एका सकाळी चहा घेतला, "साताऱ्याला जाऊन येतो" म्हणाला, आणि स्वतःचा फोन फ्रीजवर ठेवून गेला तो परत आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला. कुणी म्हणे कृष्णेत गेला, कुणी म्हणे हिमालयात. लोकांना काय, बोलायला विषय पाहिजे.

मी मात्र मधल्यामधे लटकले. विधवा म्हणावं तर नवरा मेलेला नाही, सवाष्ण म्हणावं तर तो आहे कुठं? हळदीकुंकवाला बोलवायला आलेल्या बायका दारात अडखळायच्या. कुठं बेवारस प्रेत सापडलं की पोलिसांचा फोन यायचा, आणि मी ओळख पटवायला जायचे. कधी इस्लामपूर, कधी सांगली, एकदा तर पार मिरजेच्या पुढे. नाकाला पदर लावून कुणाकुणाच्या पोरांची तोंडं बघितली मी. निघताना दरवेळी आत्या म्हणायच्या, "त्यो न्हाई. उगं जातीस." मला वाटायचं, आईची आशा. तिला कसं बोलणार?

एवढं होऊनही मी माहेरी गेले नाही, ते आत्यांमुळं. आम्हाला मूल झालं नाही. सगळ्या तपासण्या माझ्या झाल्या, सगळ्या गोळ्या मी गिळल्या, पण या बाईनं एकदाही मला एका शब्दानं वेडंवाकडं विचारलं नाही. दिगंबर गेल्यावर नगरपालिकेच्या वाचनालयात मी नोकरीला लागले. संध्याकाळी दमून आले की गरम भाकरी ताटात पडायची. दोघी एकमेकींच्या आधारानं राहिलो. संकष्टीला आत्यांचा उपास असायचा. चंद्र उगवायची वाट बघत आम्ही स्वयंपाकघरात बसायचो, आणि बरेचदा त्याच वेळी त्यांचा फोन टुणकन वाजायचा. त्या हात पुसून फोन लांब धरायच्या, ओठ हलवत मेसेज वाचायच्या, आणि फोन पालथा ठेवून म्हणायच्या, "कंपनीवाल्यांचा असंल." सासूचे मेसेज कोण बघतं? मीही कधी बघितले नाहीत.

त्या वर्षी सात वर्षं पुरी झाली. माझा भाऊ मागे लागला की आता कोर्टात अर्ज कर, दिगंबरला मयत घोषित करून घे आणि मोकळी हो. त्याला कारणही होतं. हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवणारे देशमाने सर वाचनालयात यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, कमी बोलणारा माणूस. एके दिवशी पुस्तक परत करताना ते म्हणाले, "तुमची अडचण मला माहीत आहे. मला घाई नाही. पण तुम्ही मोकळ्या झालात तर पहिल्यांदा मला विचारू द्या." मी खाली मान घालून पुस्तकावर शिक्का मारत राहिले. खरं सांगते, त्या दिवशी घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता. अडतिसाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला विचारतंय, यानंच मी गांगरून गेले होते.

बोंद्रे वकिलांनी अर्जाचा कच्चा मसुदा केला. "तुमचं एक प्रतिज्ञापत्र आणि त्याच्या आईचं एक," ते म्हणाले. "माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच खबर लागली असती, त्यांना सात वर्षांत काहीही कळलेलं नाही, एवढंच शपथेवर सांगायचं. आईची सही महत्त्वाची. आईनं सांगितलं की कोर्ट फार खोदत नाही."

मी हे आत्यांना कसं सांगू याची काळजी करत होते. मुलगा मेला असं आईनं लिहून द्यायचं. पण मी सांगितल्यावर त्या रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "देशमाने मास्तर माणूस चांगला हाय." त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मग म्हणाल्या, "करीन सही. जरा गुडघं बरं हूंदे." गुडघे बरे झाले तर अमावास्या आली. अमावास्या गेली तर माहेरचं कुणीतरी वारल्याचं निघालं. वकिलांनी तीन वेळा दिवस दिला आणि तिन्ही वेळा आत्यांनी काहीतरी काढलं. पोटच्या पोराला मेलेला म्हणायला कुठल्या आईचा हात उचलेल, असं म्हणून मी गप्प बसले. पण आतून चिडले होते. माझं उरलेलं आयुष्य त्यांच्या एका सहीवर अडलं होतं.

याच दिवसांत हा हौसाबाईचा प्रकार निघाला, आणि माझी सगळी चीड त्या मेडिकलवर निघाली.

वाचनालयात बसून मी एक शिकले आहे, पेपरातल्या बारीक चौकटी वाचायच्या. तेव्हा तो माहिती संरक्षणाचा कायदा नवा नवा लागू झाला होता. एखाद्या कंपनीनं आपल्याविषयी काय काय माहिती साठवली आहे, ते गिऱ्हाईक हक्कानं मागू शकतं, असं चौकटीत दिलं होतं. मी ती चौकट कापून घेतली आणि कंपनीला रीतसर ईमेल धाडला. नंबर माझ्या नावाचा आहे, त्यावरची सगळी माहिती मला द्या. त्यांचं आधी गोडगोड उत्तर आलं, मग टाळाटाळ, मग मी कायद्याचं नाव घेऊन परत लिहिल्यावर एक लिंक आली. तिथं नंबर टाकायचा, त्या नंबरवर ओटीपी येणार, तो भरला की माहिती उघडणार.

म्हणजे हक्क माझा, आणि किल्ली आत्यांच्या फोनात.

मी वाचनालयातून घरी फोन लावला. "आत्या, मेसेज आला का बघा. सहा आकडे असतील."

मग त्या म्हणाल्या, "न्हाई आला."

दुसऱ्यांदा पाठवला. "न्हाई."

संध्याकाळी घरी येऊन मी त्यांचा फोन मागितला, तर त्या म्हणाल्या, "चार्जिंगला लावलाय," आणि देवघराच्या दारात बसून राहिल्या. फोन चार्जिंगला नव्हता. त्यांच्या मांडीवर पदराखाली होता, मला त्याचा कोपरा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई माझ्याशी खोटं बोलत होती.

"आत्या, फोनमध्ये काय आहे?"

"काय असनार? म्हाताऱ्या माणसाच्या फोनात काय असतंय?"

"मग द्या की."

"उज्ज्वला," त्या म्हणाल्या, "जेवून घे. भाकरी गार हुतीया."

मी जेवले नाही. ताट तसंच झाकून ठेवलं आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी वकिलांकडे जायचंय. आता गुडघा दुखो नाहीतर अमावास्या असो, मी ऐकणार नाही. सही नसेल करायची तर तोंडावर सांगा. मला काय ते एकदा कळू दे." इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात नेहमीची रिटायर्ड मंडळी पेपर वाचत बसली होती. मी टेबलाशी पुस्तकं लावत होते. दारात बघते तर आत्या. वाचनालयाच्या पायऱ्या उंच आहेत, त्या कठडा धरून एकेक पायरी चढून आल्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, आणि हातात रुमालात गुंडाळलेला फोन.

"आत्या, तुम्ही इथं?"

"ती आकड्याची भानगड परत कर," धापा टाकत त्या म्हणाल्या. "मी हितं हाय तंवर कर."

पेपरवाले वळून बघायला लागले. भिंतीवर 'शांतता राखा' ही आमचीच पाटी. मी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. नंबर टाकला. रुमालातला फोन वाजला. आत्यांनी तो लांब धरला आणि बोट ठेवून एकेक आकडा मला हळू आवाजात सांगितला. सहाही आकडे सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मला द्येवाची शपथ घिऊन खोटं लिहून देता यायचं न्हाई. आन तोंडानं खरं सांगाय बी जमंना. आता तूच बघ काय हाय ते."

पान उघडलं. सगळं इंग्रजीत. वर नाव, हौसाबाई. खाली आमचा नंबर. त्याखाली शाखा, वाळूज, संभाजीनगर, ती मी पुटपुटत वाचली. आणि मग तारखा, नुसत्या तारखा, पानामागून पान.

"हौसा मी हाय," आत्या कुजबुजल्या. "माझं माहेरचं नाव. लग्नात तांदळावर पार्वती लिवलं, तवापासनं हौसा मेलीच. तुझ्या सासऱ्यांनी बी कधी त्या नावानं हाक मारली न्हाई."

"मग हे नाव…"

"दिगूला ठाव हुतं. लहान असताना मांडीवर घिऊन सांगायची मी त्याला. माझी आई मला कशी हाक मारायची ते. त्यो बी मग 'हौसे, हौसे' म्हणत घरभर पळायचा. हे त्याला सोडून कुणाला ठाव न्हाई. पहिला मेसेज आला त्यात लिवलं हुतं, 'नमस्कार हौसाबाई.' मी तितंच बसले."

"कधी आला पहिला?"

"तिसऱ्या वर्षी. दिवाळीच्या पुढं."

तिसऱ्या वर्षी. मिरजेच्या पुढे गेले होते ते पाचव्या वर्षी. पाण्यात फुगलेला माणूस होता तो, पायाच्या अंगठ्यावरून ओळखा म्हणाले होते. तिथून येऊन मी दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते. आणि या माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. आवाज चढत होता तो मी दातांखाली धरला. "मी मुडदे बघत फिरत होते आणि तुम्हाला माहीत होतं."

"मी म्हणत हुते की, त्यो न्हाई, जाऊ नगंस."

"सांगायचं होतं ना आत्या, नीट तोंडानं. का नाही सांगितलंत?"

त्या रुमालाचं टोक पिळत बसल्या. "तुला सांगितलं असतं तर तू त्याला शोधाय गेली असतीस. न्हाईतर मग कंटाळून माहेरी गेली असतीस. काय बी केलं असतंस तरी मी एकटीच राहिले असते. तू हुतीस म्हणून मी जिती राहिले, पोरी. चूक केली. पण भीतीनं केली."

पेपर वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी खाकरलं. मी स्क्रीनकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर काय बोलले असते कोण जाणे. भिंतीवर कॅलेंडर होतं. सहज एक तारीख ताडून बघितली. मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही संकष्टीच्या. आणि त्या तारखांपुढं एकच वस्तू, खोकल्याची चघळायची गोळी. एक गोळी. त्या एका गोळीसाठी कुणी उभं राहून नंबर सांगत नाही. आई चंद्राची वाट बघत जागी असेल हे धरून तो दुकानात जायचा, गोळी घ्यायचा, आणि काउंटरवर हौसाबाईचा नंबर सांगायचा. महिन्याच्या महिन्याला खुशाली.

आईला खुशाली. मला काय? माझ्यासाठी सात वर्षांत एक गोळीसुद्धा नाही. तेव्हा मला जे वाटलं ते आजही आठवलं की छातीत कळ येते. तो मेला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"उज्ज्वला," आत्यांनी माझ्या मनगटाला हात लावला. "एक इचारू?"

मी मान हलवली.

"त्यो बरा हाय का गं? मला नुसता बिलाचा आकडा यायचा. कधीमधी मोठा आकडा आला की माझा जीव टांगणीला लागायचा. म्हणायची, एवढी औषधं कशापायी लागली याला? काय झालं असंल? कुणाला इचारू? तितं लिवलं असंल नव्हं, काय काय घेतो त्यो?"

लिहिलेलं होतं. एव्हाना मी ते वाचलंही होतं. आत्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी म्हटलं असतं, बरा आहे, सर्दीखोकल्याची औषधं आहेत, तर त्यांनी मान डोलावली असती. माझ्यापासून त्यांनी चार वर्षं लपवलं, आता लपवायची पाळी माझी होती, आणि त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं.

"वाच," त्या म्हणाल्या. "जे असंल ते वाच."

मी बोट ठेवून वाचायला लागले. "ॲसिडिटीच्या गोळ्या."

"लहानपणापासनं पित्त त्याचं," त्या म्हणाल्या.

"पाठदुखीचा मलम. परत ॲसिडिटीच्या गोळ्या." पुढच्या ओळीवर माझं बोट अडलं, पण आता थांबायचं नाही असं मी ठरवलं होतं. "लोहाच्या गोळ्या. कॅल्शियमच्या गोळ्या. गरोदर बायकांना देतात त्या." आत्यांचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. "इथं मोठं बिल आहे. लंगोट, बाळाचा साबण, बाळाचं तेल. इथं ग्राइप वॉटर. इथं तापाचं औषध, लहान मुलांचं. इथं परत तापाचं." मी पान सरकवलं. "या वर्षी जंताचं औषध. म्हणजे चालायला लागलंय."

मी थांबले. आत्यांचा चेहरा मी बघितला. त्यावर आनंद होता की काय होतं ते मला सांगता येणार नाही. नातवंडाची वाट बघून बघून त्यांनी कधीच सोडून दिली होती, आणि ते आलं ते असं, माझ्या तोंडून, मेडिकलच्या बिलातून. डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी ते पदरानं खसकन पुसून टाकलं, जणू ते माझ्यासमोर येणंच चूक होतं. मग खुर्चीचा हात धरून उठल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "वकिलाकडं जाऊ."

"वेळ संध्याकाळची आहे."

"आत्ता चल. माझं मन फिरंल."

बोंद्रे वकिलांनी प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं. त्यांनी पेन पुढं केलं. आत्यांनी ते घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाल्या, "वकीलसाहेब, ह्ये फाडा. माझा पोरगा जिता हाय. वाळूजला हाय. दुसरा संसार मांडलाय त्यानं. ह्या पोरीला फसवून गेलाय, असं लिवा. आईची सही लागती म्हणाला हुता नव्हं? त्यावर करते मी सही."

वकील माझ्याकडे बघायला लागले. निघण्याआधी वाचनालयातच छापून घेतलेली पानं मी पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

पुढचं थोडक्यात सांगते. मयताचा अर्ज बारगळला आणि घटस्फोटाचा दाखल झाला. तिकडच्या पेपरात नोटीस निघाली, तो आला नाही. कोर्टात आत्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि पोटच्या पोराविरुद्ध साक्ष दिली. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही सुनेच्या बाजूनं बोलताय?" तर म्हणाल्या, "खऱ्याच्या बाजूनं बोलते. पयल्यांदाच." निकाल लागायला वेळ गेला, पण देशमाने सर खरंच घाई न करणारे निघाले. आमच्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून आत्यांचीच सही आहे, आणि त्या शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या.

पण मला सांगायची आहे ती वकिलांकडून आल्यानंतरची पहिली संकष्टी.

त्या छापील पानांच्या तळाशी कंपनीनं एक ओळ दिली होती. या खरेद्या तुमच्या नसतील तर कळवा, तुमचा नंबर या खात्यातून कायमचा काढून टाकू. मी ती आत्यांना वाचून दाखवली होती. त्या लगेच म्हणाल्या, "काढून टाक. नंबर तुझ्या नावाचा हाय. त्याची खुशाली तुझ्या नावावर कशापायी यावी? तुझा हक्क हाय, वापर."

"तुम्हाला मग काहीच कळायचं नाही."

"नगं कळाय. लई कळलं."

मी वाचनालयात बसून ईमेल लिहिला. तीन ओळींचा होता. रागही होता, तो अजून आहे. बोट बटणावर नेलं आणि परत आणलं. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "धाडलंस?" मी म्हणाले, "धाडलं." त्यांनी मान डोलावली आणि पीठ मळायला घेतलं. त्या रात्री त्यांनी देवापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला, एवढंच.

संकष्टीला मी उकड काढत होते आणि त्या पाटावर बसून मोदक वळत होत्या. दोघी फारशा बोलत नव्हतो. आमच्यात अजून पूर्वीसारखं झालं नव्हतं, आणि ते व्हायला पुढेही बरेच महिने गेले. फोन ओट्यावर होता. चंद्राला अजून अवकाश होता.

फोन टुणकन वाजला.

आत्यांचे हात पिठात थांबले. त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पळी घट्ट धरून उकड ढवळत राहिले. त्यांनी सावकाश हात पुसले, फोन उचलला, लांब धरला आणि ओठ हलवत वाचलं. एकदा वाचलं, परत एकदा वाचलं. त्यांना कळलं होतं. मी काय केलं नाही ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलं हे मलाही दिसत होतं.

फोन त्यांनी पालथा ठेवला.

"कंपनीवाल्यांचा असंल," त्या म्हणाल्या.

"असंल," मी म्हणाले, आणि चंद्र दिसतोय का ते बघायला गच्चीवर गेले.